ओढण्या धुतल्या तो दिवस

ताई, तुमी आधी बसा, असं दारात उभं राहून कोणी लिहिते काय. ती ट्रंक दिसून राहिली न, तिच्यावर बसा, आत भांडे आहेत, बसलं तरी काही होत नाही. सामान बांधून राहिलो आमी, म्हणून घर असं दिसते, नाहीतर माझं घर... जाऊ द्या, नाहीतरही असंच दिसते, नऊ पोट्टे ज्या घरात दिवसभर लोळतात ते घर दुसरं कसं दिसन बाप्पा. चहा ठेवलाच आहे. तुमी म्हणता सुरुवातीपासून सांगा, तर सुरुवातीपासून सांगते.

मी हिंगणघाटची. नाव विमल, माय इमल म्हणे. माय कापसाच्या जिनिंगात जाये, बाप हमाल, आमी पाच भावंडं अन् मी सगळ्यात मोठी, म्हणजे काय ते समजून घ्या, मले खेळायले बाहुली कधी भेटलीच नाही, जिताजागता बाळू कडेवर होता न. हा बाळू भल्ला रडका. माय नजरेआड झाली का असा भोंगा सुरू करे का जिनिंगाचा भोंगा परवडला. मंग मायनं एक युक्ती काढली. सकाळी भाकरी थापताना जे लुगडं अंगावर असे ते सोडून ठेवे, दुसरं नेसून कामावर जाये, अन् ते सोडलेलं माझ्या हातात दे, म्हणे, इमल, हा रडला का याच्यात गुंडाळजो, अन् धुऊ नोको बरं. दोनच लुगडे होते तिच्यापाशी, एक जिनिंगात जाये अन् एक आमच्यापाशी राहे. बाळू त्यात तोंड खुपसे अन् चूप. पिठाचा वास, चुलीच्या धुराचा वास, मायच्या घामाचा वास. मीही खुपशी तोंड, खोटं काऊन बोलू, मीही आठ-नऊ वर्षांचीच तर होती. हे लुगडं ध्यानात ठेवा ताई, पुढं कामाले येते.

दहावीत गणितानं घात केला अन् त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. पांढऱ्या साडीत झालं, आमच्या बौद्ध लोकांत नवरी पांढरीच नेसते, तर इथं लखनौले आल्यावर मी शेजारणीले लग्नाचा फोटो दाखवला, ती म्हणे, हाय राम, ये किसका मातम है, मी म्हटलं, बहनजी, मातम नहीं, मेरी शादी है, तरी तिले माझी एवढी दया आली का दोन दिवस तीच मले बोलावून चहा पाजत होती. आमचे हे, म्हणजे माझ्या पोरीचे, संगीचे बाबा, सरकारी कारखान्यात फिटर, कारखाना चिनहटच्या बाजूले अन् खोली भेटली निशातगंजात, तर रोज सायकल दामटत जायचे, अजूनही जातात, या महिन्याच्या आखरीपर्यंत. मंग रिटायर. म्हणून तर हे सामान.

सुरुवातीले मले इथली बोली समजेच ना. हिंदी येत होती हो, पण ही आप-आप वाली नाही. सब्जीवाला म्हणे, हुज़ूर, भिंडी मुलाहिज़ा फ़रमाइए, मले वाटलं हा माझी टिंगल करून राहिला, मी जे त्याले झाडलं मराठीत, बिचारा ठेला सोडून मागं सरकला. आमच्या तिकडे लाडानंही शिवी देतात अन् इथं शिवीही आप लावून देतात, तर आपल्याले शिवी पडली हे घरी आल्यावर समजते. पण शिकली. संगी तर इथंच जन्मली, माझी एकुलती एक पोट्टी, ती तर पक्की लखनौची, मी विचारते जेवली काय वं, ती म्हणते हाँ, खा लिया. समजते तिले सगळं, बोलत नाही. आता कॉलेजात जाते, तरी तसंच.

आता हे पोरं सांभाळायचं कसं सुरू झालं ते ऐका. दोन घरं सोडून रचना राहते. टेलिफोनच्या हापिसात आहे, कानाले ते यंत्र लावून नंबर जोडून देते, ट्रंककॉल लावते. तिचं बाळंतपण झालं, सुटी संपली, अन् पोट्टं कोणापाशी ठेवावं ते समजेना. एक दिवस माझ्या दारात आली, कडेवर बिट्टू, डोळ्यात पाणी, म्हणे दीदी, बस आठ दिन रख लीजिए, फिर कुछ इंतज़ाम कर लूँगी. मी म्हटलं ठेव. पहिल्या दिवशी बिट्टू एवढा रडला का गल्लीतला कुत्रासुद्धा येऊन पाहून गेला. दुसऱ्या दिवशी मले आपली माय आठवली. मी रचनाले म्हटलं, सकाळी ज्या ओढणीत स्वयंपाक करते न, तीच घेऊन ये, धुतलेली नको. ती माझ्याकडे पाहे, तिले वाटलं या मराठी बाईचं डोकं फिरलं. पण आणली. पिवळी ओढणी, हळदीचे बोटं पुसलेली. बिट्टूनं ती नाकाले लावली, एक हुंदका दिला, अन् जो झोपला, चार वाजता उठवावं लागलं. त्या आठ दिवसाचे वर्ष झाले ताई, तुमीच मोजा.

मंग एकीचं पाहून दुसरी आली. दवाखान्यातली नर्स आली, शाळेतली बहनजी, म्हणजे मास्तरीण, आली, सचिवालयात टाइप करणारी आली, असं करता करता नऊ पोट्टे झाले. यांनी भिंतीत नऊ खिळे ठोकून दिले, प्रत्येक खिळ्यावर एका मायची ओढणी. सोमवारी बायका नवी, म्हणजे आदल्या दिवशी घरात वापरलेली ओढणी आणत, अन् शनिवारी परत नेत. मधात कोणी धुवायची नाही, हा माझा नियम. मी डोळे मिटून सांगू शके कोणती कोणाची. नर्सच्या ओढणीले औषधाचा वास, बहनजीच्या ओढणीले खडूचा, अन् रचनाची म्हणजे हिंग, हिंग अन् हिंग. जेवण झालं का मी म्हणे, चला, आपापली अम्मा उतारो, अन् पोट्टे रांगेनं उभे राहत अन् मी एकेकाच्या खांद्यावर ओढणी टाके. दहा मिनिटात सगळी खोली चूप. मंग मी आपली भांडे घासे.

अन् मंग टीव्हीवाली आली.

आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता, मले काय माहीत. नर्सबाईनं आणलं तिले, निगार मॅडम म्हणून, आखूड केस, खांद्यावर झोळी, लहान लेकरांचा कार्यक्रम बनवे ती. शाळेत न जाणाऱ्या, तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी. कार्यक्रमाचं नाव होतं अम्मा शाम को आएगी. दर खेपेले एका घरी जायचं, त्या घरची आई कामावर जाते, बाप कामावर जातो, तर लेकरू दिवसभर कुठं राहते, कोणापाशी खाते, कसं झोपते ते दाखवायचं. त्यात एक कापडाची बकरी होती, बकरी बुआ, म्हणजे बकरी आत्या, मॅडम स्वतःच हातात घालून नाचवे. ती बकरी विचारे, अम्मा कहाँ गई, पोट्टे म्हणत काम पे गई, बकरी म्हणे कब आएगी, पोट्टे ओरडत शाम को आएगी. बस एवढंच. पण ताई, माझे पोट्टे पहिल्याच दिवशी त्या बकरीवर असे फिदा झाले का तिचा एक कान उपटून ठेवला.

मॅडमनं घर पाहिलं, खिळे पाहिले, ओढण्या पाहिल्या, अन् जमिनीवर बसूनच पडली. म्हणे विमल जी, यही चाहिए मुझे. गुरुवार को आएँगे. और देखिए, घर जैसा है, वैसा ही रखिएगा. असं म्हटलं होतं तिनं. मी ऐकलंही होतं. हाव, ऐकलं होतं, काही लपवत नाही तुमच्यापासून.

आता मधात अम्माजी सांगाव्या लागतात. अम्माजी म्हणजे रचनाची सासू, सीतापूरकडची, गुडघ्याच्या इलाजासाठी दोन महिन्यापासून लेकाच्या घरी येऊन राहिलेली. अंगानं भरलेली, आवाज असा का गल्लीच्या टोकावरून हाक मारली तर सब्जीवाला थांबे. बिट्टू तेव्हा तीन वर्षांचा. अम्माजीचं म्हणणं, बहू दिवसभर परपुरुषांशी फोनवर बोलते अन् नातू परक्या घरात पडून राहते, ही कोणती रीत आहे, नोकरी सोड. रचनाचा नवरा गरीब माणूस, इकडे मायचं ऐके तर तिकडे बायकोचं, शेवटी त्यानं म्हटलं, अम्मा, तुम खुद जाके देख लो, बच्चा वहाँ रोता है तो रचना इस्तीफ़ा दे देगी, नहीं रोता तो फिर बात ख़तम. अम्माजी म्हणे ठीक है, गुरुवार को टीवी वाले आ रहे हैं न, मैं भी बैठूँगी, सबके सामने फ़ैसला हो जाएगा.

रचना माझ्याकडे आली, बसली, अन् रडायलेच लागली. ताई, ती पोरगी परीक्षा देऊन लागलेली, तिच्या खानदानात पहिली नोकरी करणारी बाई. म्हणे दीदी, मेरी नौकरी अब आपके हाथ में है, बस उस दिन बिट्टू रोए नहीं. मी म्हटलं, वेडी काय तू, तीन साल में कभी रोया है दोपहर को? निश्चिंत राह. मोठ्या ऐटीत म्हटलं मी.

बुधवारी अम्माजी आधीच एक चक्कर मारून गेल्या, मैदान पाहायले. दारातच उभ्या. भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली, मंग मले वरून खालपर्यंत पाहिलं, म्हणे कौन लोग हो. मी सांगितलं कोण लोक आहो. मी काही लाजत नाही, काऊन लाजू. पाणी आणलं, तर म्हणे नहीं, आज हमारा व्रत है. कायचं व्रत ताई, घरून कचोरी खाऊन आलेली, चटणी ओठाले लागून होती. मी ग्लास परत आत नेला. मंग तिनं खिळ्यांकडे पाहिलं, ओढण्या पाहिल्या, अन् नाकाले पदर लावला, म्हणे, छी, इतने मैले कपड़े बच्चों के मुँह पे?

बस. ते मले झोंबलं. एवढं झोंबलं का काय सांगू तुमाले. मैले! आमच्या घरात मैले! उद्या अख्ख्या लखनौले माझं घर दिसणार, अन् लोक म्हणतील पहा, अशी राहते ही, अशा लोकांच्या घरात अजून काय दिसणार. पोट्टे घरी गेले तशी मी पदर खोचला. भांडे घासले, फरशी घासली, तसबिरीची काच घासली, खिळेसुद्धा पुसले, अन् नऊच्या नऊ ओढण्या सोड्यात भिजवल्या, साबण लावला, आपटल्या, नीळ दिली अन् वरून खळ. कांजी केली हो, तांदळाची. संगी तेव्हा सात वर्षांची, शाळेतून आली, दोरीवर ओढण्या पाहून जागच्या जागी थांबली, म्हणे आई, ये तो सोने वाली हैं, ये क्यों धोईं? मी म्हटलं तुले काय समजते, चल अभ्यासाले बस. सात वर्षांच्या पोरीले समजलं ताई, अन् जिनं लुगड्यात तोंड खुपसून बालपण काढलं तिले समजलं नाही. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

गुरुवारी मी लग्नातली रेशमी साडी नेसली, गजरा घातला, तोंडाले पावडर लावली. मॅडम आली, तिच्यासोबत कॅमेरावाला, दिवेवाला, दारात वायर, गल्लीत हीऽ गर्दी. मॅडमनं खोली पाहिली अन् तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणे विमल जी, आपने तो... अन् पुढं काही बोललीच नाही, लखनौची न, वाईट बोलताच येत नाही यांना. अम्माजी खुर्ची घेऊन कोपऱ्यात. खुर्चीही घरून आणली होती, माझ्या खुर्चीवर नाही बसली.

सकाळचं ठीक झालं. खेळले, जेवले, बकरी बुआचा दुसरा कान उपटला. पोट्टे माझ्याकडे थोडे दुरूनच पाहत होते, कडक साडी, गजरा, पावडर, त्यायले वाटलं असन ही कोण आली. मंग मी म्हटलं, चलो, अपनी अपनी अम्मा उतारो, अन् दिवे लागले, कॅमेरा सुरू. मी बिट्टूच्या खांद्यावर पिवळी ओढणी टाकली. त्यानं नाकाले लावली. काढली. पुन्हा लावली. खळ होती न, पापडासारखी कडक, टोचली असन. मंग त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच त्याची माय कुठं नेऊन लपवली. अन् नेमकी त्याच वेळी मॅडमनं बकरी पुढं केली, बकरी म्हणे, अम्मा कहाँ गई?

माय वं! बिट्टूनं जो सूर लावला! त्याचं पाहून नर्सची पोरगी, तिचं पाहून बहनजीचे जुळे, अन् अर्ध्या मिनिटात नऊच्या नऊ. काम पे गई कोणी म्हणेना, सगळे अम्मा अम्मा अम्मा. ओढण्या फेकून दिल्या. मी बिट्टूले उचलाले गेली तर तो माझ्या रेशमी साडीले लाथा मारे. अख्खी गल्ली खिडकीतून पाहून राहिली. अन् मी काय पाहून राहिली, मी अम्माजीकडे पाहून राहिली. मले दिसत होतं, संध्याकाळी रचना घरी येईन, तिले म्हणतील लिख इस्तीफ़ा, अन् ती लिहिन, अन् हे माझ्यामुळे, माझ्या दोन मुठी सोड्यामुळे. मी तिथंच खाली बसली अन् लेकरांसोबत मीही रडायले लागली. नऊ ते अन् दहावी मी.

अम्माजी उठल्या. मले वाटलं आता चालल्या लेकाले सांगायले. त्या गुडघे धरत धरत आल्या, खाली पडलेली पिवळी ओढणी उचलली, नाकाले लावली, म्हणे, अरे, इसे धो डाला? मी म्हटलं हाँ. सब धो डालीं? हाँ. काहे? मी म्हटलं, आपने कल मैला कहा था न. तशी अम्माजीनं ती ओढणी माझ्यापुढं झटकली. अन् मंग जो आवाज चढवला, कॅमेरावाल्यानं कानावरचं यंत्र काढून फेकलं, म्हणे, अरी पगली, हमने तो ऐसे ही कह दिया था, हमारी तो आदत है, तूने मान काहे लिया! छह बच्चे पाले हैं हमने, बच्चा माँ को नाक से पहचानता है, और तू भी ये क्या दुल्हन बनी खड़ी है, जा, कल वाली साड़ी पहन के आ.

कालची साडी म्हणजे ओढण्या धुताना नेसलेली ती, निळी सुती, बादलीत कोरडीच पडून होती, थकून गेली म्हणून तेवढी धुवायची राहिली होती. नशीब ताई, माझा आळसच कामी आला. गजरा काढला, तोंड धुतलं, ती साडी गुंडाळून बाहेर आली, जमिनीवर बसली अन् पदर पसरला. नर्सची पोरगी आली, हुंगलं, अन् मांडीत घुसली. मंग जुळे. मंग बाकीचे, एकेक करून, कोणी पदरात, कोणी निऱ्यांत, कोणाच्या हाती साडीचं एक टोकच आलं. आठ पोट्टे चूप.

बिट्टू नाही. त्याले मी नको, कोणीच नको. तो दाराकडे तोंड करून रडे. तशा अम्माजी, काय सांगू, त्या माझ्या फरशीवर बसल्या. त्यायले खाली बसता येत नव्हतं, मॅडमनं एका बाजूनं धरलं, मी एका बाजूनं, तेव्हा कुठं टेकल्या. अंगावरची चादर काढली, जुनी, छापाची, तंबाखूचा अन् गुडघ्याच्या तेलाचा वास असलेली, ती पसरली, त्यावर आडव्या झाल्या, अन् म्हणे, आ जा रे, दादी के पास आ जा. दोन महिन्यापासून रोज रात्री तो त्याच चादरीत झोपे न. आला. नाक घुसवलं. अम्माजीनं थोपटलं, हळूच, कानात म्हटलं, अम्मा कहाँ गई? बिट्टू झोपेत म्हणे काम पे गई. कब आएगी? शाम को आएगी.

अन् थोपटता थोपटता अम्माजीच झोपल्या. घोरायलेही लागल्या. दिवेवाला दिवा बंद करायले गेला तर मॅडमनं त्याचा हात धरला. तिच्या डोळ्यात पाणी अन् ओठावर हसू, बकरी बुआ हातातच, दोन्ही कान गेलेली.

अर्ध्या तासानं अम्माजी उठल्या, इकडे तिकडे पाहिलं, जसं काही झालंच नाही. लेक हापिसातून लवकर येऊन दारात उभाच होता निकाल ऐकायले. अम्माजी त्याले म्हणे, बच्चा यहाँ रोता नहीं है. आज रोया, सो इस पगली की सफ़ाई के मारे रोया. बहू से कह दो काम पे जाए. अन् माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, म्हणे, चाय पिलाओगी?

मी आत गेली अन् चहात साखर टाकली का मीठ टाकलं मले ठाऊक नाही. पिऊन गेल्या काही न बोलता, म्हणजे साखरच असन.

कार्यक्रम लागला त्या दिवशी सगळी गल्ली रचनाकडे. अम्माजी मधोमध, नवी धोती, म्हणजे इकडची सुती साडी, नेसून. नाव आलं, बकरी बुआ आली, माझं दार दिसलं, अन् लाईट गेली. अम्माजीनं बिजलीवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या, आप लावून. पोट्टे अंधारात ओरडून राहिले, अम्मा कहाँ गई, काम पे गई. मंग एकदम लाईट आली, अन् टीव्हीत काय, अम्माजी, तोंड उघडं टाकून घोरून राहिल्या, आवाजासकट. अख्खी खोली हसून हसून लोळली. अम्माजी म्हणे, ये हम नहीं हैं, हम खर्राटे नहीं लेते. दुसऱ्या दिवशीपासून मात्र निशातगंजच्या बाजारात जाऊन सगळ्यायले सांगे, टीवी पे देखा हमें?

मंग सीतापूरले गेल्याच नाहीत ताई. गुडघे दुखतात म्हणे, अन् रोज दुपारी त्याच गुडघ्यांनी दोन घरं चालत माझ्याकडे येत. चादर घेऊन. पोट्टे झोपायच्या आधी त्याच घोरत. यांनी त्यांच्यासाठी बसायले एक वेताचा मोढा आणला, तर त्या म्हणे हम ज़मीन पे ठीक हैं. पाणीही माझ्याच माठातलं, घरचं गरम लागते म्हणे. व्रताचं कधी मी विचारलं नाही अन् त्यांनी सांगितलं नाही.

बिट्टू आता माझ्याएवढा उंच झाला, मिशी फुटून राहिली, मले पाहून लाजते. रचना तिच्या हापिसात सुपरवायझर आहे, इस्तरी केलेली साडी नेसते, पण हात हातात घेतला तर अजूनही हिंगच. पोरं आता नर्सबाई सांभाळणार, ती मागच्या साली मुदतीआधीच रिटायर झाली, खोलीही तीच घेते, खिळे तसेच राहू दे म्हटलं मी तिले. आमी नागपूरले जातो, यायच्या भावानं तिथं दोन खोल्या पाहून ठेवल्या. संगी वसतिगृहात राहून कॉलेज पुरं करते म्हणे. काल मले म्हणाली, आई, तुझी ती रोजची पांघरायची शाल मला राहू दे. मराठीत म्हणाली ताई. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, नाहीतर मले रडू आलं असतं.

अन् आज सकाळी अम्माजी आल्या. आता दोघीजणी धरून आणतात त्यायले. ट्रंकांकडे पाहात बसल्या किती वेळ. मंग म्हणे, विमल, वो नीली वाली साड़ी है अभी? मी म्हटलं आहे, विरली आता, पोतेरं करायच्या लायकीची. म्हणे छोड़ जाना. मले वाटलं नव्या लेकरांसाठी म्हणून राहिल्या, मी म्हटलं, अम्माजी, बच्चे तो मुझे पहचानते भी नहीं अब, नए हैं. तर म्हणे, बच्चों के लिए कौन कह रहा है. हमें दोपहर में नींद नहीं आएगी.

तेव्हापासून तीच नेसून आहे पहा, सामान बांधताना घाम येते तो येऊ देते. परवा निघायच्या वेळी भिंतीतल्या एका खिळ्यावर टांगून जाईन. सकाळी परत जाताना अम्माजी दारातून ओरडून म्हणे, और सुनो, धो के मत देना.

तुमी चहा घ्या ताई, थंडा होऊन राहिला.